काष्ठ, कांसे आणि प्लास्टिक : घनवाद्याच्या पावित्र्याचा प्रश्न

उपासनेत वाजणारे वाद्य पवित्र ठरते ते ज्या द्रव्याचे घडले त्या द्रव्यामुळे, त्यातून निघणाऱ्या नादामुळे, की वाजवणाऱ्याच्या हेतूमुळे, हा प्रश्न भारतीय शास्त्रांनी आणि ख्रिस्ती उपासनाशास्त्राने आपापल्या परीने हाताळलेला आहे. मात्र ही शास्त्रे घडली तेव्हा वाद्याचे द्रव्य म्हणजे लाकूड, धातू, माती, कातडे, शिंग किंवा शंख एवढेच असल्यामुळे, ज्याच्यामागे ना रूढी आहे ना ग्रंथवचन अशा द्रव्याचा निवाडा करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. वादक ज्याला नुसते ‘ब्लॉक’ म्हणतात तो प्लास्टिकचा पोकळ ठोकळा ती वेळ आणतो. या प्रश्नाचा विचार वसईतील पापडीच्या संदर्भात करणे विशेष सोयीचे आहे, कारण 1998 मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांताचे अवर लेडी ऑफ ग्रेस कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचे मुख्य चर्च, याच गावात आहे, तेथील मिस्सा मराठीत होते, भोवतालच्या गावांत भजनी मंडळांचे टाळ-मृदंगही तितक्याच नेमाने वाजतात आणि येथून थोड्याच अंतरावर तो किल्ला आहे ज्याच्या परिसरातील चर्चच्या घंटा आज महाराष्ट्रातील देवळांत टांगलेल्या दिसतात.

आधी वाद्य नीट पाहावे. हा ठोकळा साधारण तळहातात मावेल त्याहून थोडा मोठा असतो. त्याच्या एका अंगाला आडवी फट असते, आतली पोकळी त्या फटीने बाहेरच्या हवेशी जोडलेली असते आणि मागच्या बाजूस असलेल्या पकडीतून स्टँडची दांडी घालून पंखाच्या आकाराचा स्क्रू आवळला की तो ड्रमच्या संचाला किंवा टिंबालीस नावाच्या जोडनगाऱ्यांना घट्ट बसतो. काठी फटीच्या वरच्या ओठावर बसली तर आवाज भरीव आणि टोकदार येतो, कोपऱ्याकडे सरकली तर तोच आवाज बारीक आणि कोरडा होतो. आघाताने भिंत कंप पावते, त्या कंपाला पोकळीतील हवा साथ देते आणि क्षणार्धात सारे विझते. या विझण्यातच वाद्याचा उपयोग आहे, कारण गुंजत राहणारा आवाज पुढच्या मात्रेवर सांडतो, तर ठोकळ्याचा आवाज मात्रा दाखवून बाजूला होतो. लाकडी ठोकळ्याची अडचण अशी की काठीच्या माऱ्याने त्याचा ओठ झिजतो आणि चिरतो, शिवाय दमट हवेत लाकूड फुगते व सुक्या हवेत आकसते. वसईसारख्या खाडी-समुद्राच्या प्रदेशात ही तक्रार काल्पनिक नाही. न्यूयॉर्कच्या परिसरात मार्टिन कोहेन यांनी 1964 मध्ये सुरू केलेल्या लॅटिन पर्कशन या कंपनीने न फुटणाऱ्या प्लास्टिकचे असे ठोकळे ‘जॅम ब्लॉक’ या नावाने बाजारात आणले. क्युबाशी व्यापार बंद पडल्यामुळे तिकडची वाद्ये अमेरिकेत मिळेनाशी झाली आणि त्या टंचाईतून कोहेन यांचा हा उद्योग उभा राहिला.

साल्सा आणि तत्सम क्युबन संगीतात या ठोकळ्यावर बहुधा क्लाव्हे वाजते. क्लाव्हे हे मुळात दोन लाकडी दांड्यांच्या वाद्याचे नाव, आणि त्यावर वाजणाऱ्या आकृतिबंधाचेही. दोन आवर्तनखंडांत मिळून पाच आघात येतात, एका खंडात तीन आणि दुसऱ्यात दोन, आणि बाकीची सर्व वाद्ये आपापली वळणे घेताना या पाच आघातांशी प्रामाणिक राहतात. तालाच्या आवर्तनात टाळी आणि खाली हाताने दाखवून गायकाला जागेवर ठेवणाऱ्याचे जे काम, त्याच जातीचे हे काम आहे. ऑर्केस्ट्रात, ब्रॉडवेच्या नाटकांत आणि शाळांच्या संचलन-बँडमध्ये मात्र असाच प्लास्टिकचा ठोकळा दुसऱ्या एका वाद्याच्या जागी वापरला जातो, आणि धर्माचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

ते दुसरे वाद्य म्हणजे चीनमधील मूयू, ज्याला जपानमध्ये मोकुग्यो म्हणतात. पोकळ कोरलेल्या लाकडी माशाच्या आकाराचे हे वाद्य बौद्ध मठांत सूत्रपठणाच्या वेळी एकसारख्या लयीत वाजवले जाते. मासा डोळे मिटत नाही, म्हणून तो साधकाच्या अखंड जागृतीचे चिन्ह मानला गेला आणि पठण करणाऱ्याला पेंग येऊ नये हे त्याचे काम ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नृत्यसंगीताच्या ड्रमवादकांनी हे ठोकळे आपल्या संचात टांगले, त्यांना ‘टेंपल ब्लॉक’ असे नाव पडले, आणि पुढे लेरॉय अँडरसन यांच्या ‘स्ले राइड’ या 1948 च्या रचनेत त्यांच्यावर घोड्याच्या टापा वाजल्या. आज त्यांची जागा प्लास्टिकच्या पाच ठोकळ्यांच्या संचाने बऱ्याच ठिकाणी घेतली आहे. म्हणजे ध्यानात जागे ठेवणारे वाद्य आधी घोड्याच्या टापांसाठी वापरले गेले आणि मग त्याचे लाकूडही गेले. पावित्र्य द्रव्यात असते असे म्हणणाऱ्याला हे सांगावे लागेल की ते लाकूड बदलले तेव्हा गेले. परंतु लाकूड शाबूत असतानाच ते वाद्य नाचगाण्याच्या सभागृहात रुळले होते.

भारतीय शास्त्राची साक्ष येथे काढली तर ती अनपेक्षितपणे प्लास्टिकच्या बाजूने जाते. देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या काळात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या तेराव्या शतकातील ग्रंथात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग येतात: तारांचे, फुंकण्याचे, कातड्याने मढवलेले आणि भरीव. ही विभागणी त्याहून जुनी, नाट्यशास्त्रातली आहे. पण शार्ङ्गदेवाने घनाची जी उकल दिली आहे तीत घन म्हणजे मूर्त, ठोस वस्तू आणि ती आघाताने वाजते ते घनवाद्य एवढाच आशय आहे. उदाहरणे प्रामुख्याने टाळ, घंटा अशा कांस्याच्या वाद्यांची असली तरी व्याख्येत कांस्य नाही. देवगिरीच्या त्या आचार्याला प्लास्टिक ठाऊक नसले तरी त्याची व्याख्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला विनातक्रार सामावून घेते.

वैशेषिक दर्शन याहूनही पुढे जाते. या दर्शनानुसार शब्द, म्हणजे कानाला कळणारा कोणताही आवाज, हा आकाशाचा गुण आहे आणि तो संयोगातून, विभागातून किंवा आधीच्या शब्दातून उत्पन्न होतो. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण नगाऱ्याचे: आवाजाचे समवायी कारण, म्हणजे ज्याच्या ठायी तो गुण राहतो ते अधिष्ठान, आकाश, असमवायी कारण नगारा आणि आकाश यांचा संयोग, आणि नगारा व काठी यांचा संयोग हे केवळ निमित्त कारण. घडा मातीचा असतो त्या अर्थाने आवाज नगाऱ्याचा नसतो, हे या विश्लेषणाचे मर्म आहे. आधुनिक भौतिकशास्त्र आकाशाच्या जागी हवेतील दाबाच्या लहरी ठेवील आणि आवाजाच्या पोतात द्रव्याचा वाटा मोठा असतो अशी दुरुस्तीही करील, आणि ती दुरुस्ती मान्य करावीच लागते. तरीही नाद आणि नाद उत्पन्न करणारी वस्तू यांच्यात नैयायिकांनी ठेवलेले अंतर धर्मचर्चेत विसरले जाते, हे खरे. नादब्रह्माची उपासना सांगणारी परंपरा ज्याची उपासना करते ते शिसव किंवा कांसे नसते.

याविरुद्ध जो आक्षेप येतो तो शुचितेचा. धर्मशास्त्रात द्रव्यशुद्धी असे स्वतंत्र प्रकरण आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणते द्रव्य राखेने, कोणते आम्लाने, कोणते पाण्याने आणि कोणते पुन्हा भाजून शुद्ध होते याचा तपशील येतो, आणि सोवळ्याचा घरगुती व्यवहार त्याच विचारावर चालतो. प्लास्टिकला या यादीत जागा नाही, म्हणून ते देवापुढे नको, असे म्हटले जाते. परंतु हा नियम वाद्यांना कधीच नीट लावला गेलेला नाही. चामड्याच्या वहाणा देवळाबाहेर काढल्या जातात आणि त्याच देवळाच्या सभामंडपात चामड्याने मढवलेला पखवाज, डाव्या तोंडाला कणीक लावून, देवाच्या समोर मांडीवर घेतला जातो. पट्टा आणि पाकीट यांवर रोखली जाणारी नजर मृदंगावर रोखली जात नाही. याला विसंगती म्हणून हिणवण्याचे कारण नाही, कारण व्यवहाराने येथे शास्त्रापेक्षा बारीक भेद केलेला आहे. द्रव्यशुद्धीचे नियम मुख्यतः भांड्यांचे, वस्त्रांचे आणि आसनांचे आहेत, म्हणजे जे नैवेद्य धारण करते किंवा अंगाला लागते त्याचे. वाद्य काहीच धारण करत नाही. ते वाजते आणि वाजून संपते.

कॅथलिक उपासनाशास्त्रात हाच भेद लेखी स्वरूपात सापडतो. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत चषक आणि ताट यांसाठी मौल्यवान धातू सांगितला आहे आणि धातू गंजणारा किंवा सोन्याहून हलका असेल तर आतून सोन्याचा मुलामा सांगितला आहे. 2004 च्या एका रोमन निर्देशाने काच, माती आणि सहज फुटणाऱ्या इतर द्रव्यांची पात्रे स्पष्टपणे नाकारली. वाद्यांच्या बाबतीत मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक संविधानात द्रव्याचा शब्दही काढला नाही. तेथे पाइप ऑर्गनला मान देऊन इतर वाद्यांसाठी तीन कसोट्या ठेवल्या: ते वाद्य पवित्र कार्यास योग्य असावे किंवा योग्य करता यावे, मंदिराच्या प्रतिष्ठेशी जुळावे आणि भाविकांच्या श्रद्धेला खरोखर पोषक असावे. प्रादेशिक धर्माधिकाऱ्यांची संमती ही चौथी, प्रशासकीय अट. याआधी साठ वर्षे, 1903 मध्ये, पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि त्याबरोबर ढोल, झांजा यांसारखी गोंगाटी वाद्ये बंद केली होती. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात डफ आणि झांजा यांनी देवाची स्तुती करण्याचे आवाहन आहे, हे पाहता त्या बंदीला अपवाद खुद्द बायबलनेच करून ठेवला होता असे म्हणता येईल. पण पायस यांची चिंता निराधार नव्हती. त्यांच्या काळच्या इटलीत चर्चमधील संगीत ऑपेराच्या वळणावर गेले होते, आणि वाद्य आपल्याबरोबर आपला बाजारही घेऊन येते ही त्यांची भीती होती. 1967 च्या संगीतविषयक निर्देशातही, जे वाद्य लोकमानसात केवळ लौकिक संगीताशी जोडले गेले आहे ते उपासनेत वर्ज्य, असा नियम कायम राहिला.

या नियमाचा रोख स्मृतीवर आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. वाद्य कशाचे आहे हे विचारले जात नाही, ऐकणाऱ्याला ते कशाची आठवण देते हे विचारले जाते. आणि आठवण ही स्थळकाळाने बदलणारी गोष्ट असल्यामुळे न्यूयॉर्कच्या नृत्यगृहात वाढलेल्या माणसाला जो ठोकळा साल्साची आठवण देईल तो पापडीतील वृद्ध भाविकाला कशाचीच आठवण देणार नाही. कोरी पाटी ही या वाद्याची येथे सोय आहे.

वसईच्या घंटांचा इतिहास याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला आणि तेथील व आसपासच्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेऊन देवळांत अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा, भीमाशंकरची घंटा आणि वाईजवळ मेणवलीची घंटा ही त्यांपैकी सर्वांत ठाऊक असलेली. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आजही उठावात दिसते. कॅथलिक रीतीप्रमाणे चर्चची घंटा टांगण्यापूर्वी तिला आशीर्वादाचा विधी होतो, जुन्या विधीत तिला पवित्र जलाने धुऊन तैलाभ्यंग होत असे आणि नावही दिले जात असे, इतके की लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. अशी विधिपूर्वक अर्पण केलेली वस्तू शिवाच्या देवळात गेली, तिचे कांसे तेच राहिले, तिचा सूरही तोच राहिला, आणि नदीकाठच्या लोकांनी ती शिवाच्या सेवेची घंटा म्हणून निःशंकपणे ऐकली. द्रव्यात पावित्र्य मुरलेले असते तर हे स्थलांतर भ्रष्टता ठरले असते. नादात असते तर दोन्ही धर्मांना एकच पावित्र्य कबूल करावे लागले असते. प्रत्यक्षात घंटा ज्या क्रियेत सामील झाली त्या क्रियेने तिला अर्थ दिला, आणि तिच्यावरची मारिया पुसून काढण्याची गरज कोणाला वाटली नाही.

येथवरचा युक्तिवाद सरळ प्लास्टिकच्या बाजूने जातो. पण पवित्र सप्ताहात त्याला अडसर येतो. पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सात गौरवगानाच्या वेळी घंटा वाजतात आणि नंतर त्या पुनरुत्थानाच्या जागरणविधीतील गौरवगानापर्यंत मुक्या राहतात. या मधल्या काळात घंटेच्या जागी लाकडी वाद्य वाजवण्याची जुनी रूढी आहे: एका फळीवर बिजागरीने अडकवलेली लाकडी हातोडी किंवा दांडी, जी मनगटाच्या झटक्याने दोन्ही बाजूंना आपटते आणि ज्याला पोर्तुगीज वळणाच्या मुलखांत मात्राका म्हणतात. आवाज कोरडा, खडखडीत, स्वरहीन; सौंदर्याच्या कोणत्याही मापाने तो घंटेच्या पासंगाला पुरणार नाही, आणि तसा तो नसावा अशीच अपेक्षा आहे. येथे लाकूड केवळ निमित्त कारण उरत नाही. ज्या दिवशी क्रुसाच्या लाकडाची भक्ती होते त्या दिवशी धातू गप्प आणि लाकूड बोलते, हा त्या विधीचा आशय आहे, आणि लाकडाच्या जागी तसाच कोरडा आवाज देणारा लाल किंवा निळा प्लास्टिकचा ठोकळा आणला तर कानाला कदाचित फरक कळणार नाही, पण विधीचे वाक्य तुटेल. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मठांत हाच विचार आणखी ठळक आहे. ॲथॉस पर्वतावरील साधू हातोडीने वाजवतात त्या लांब लाकडी फळीचा संबंध परंपरेने नोहाच्या तारवाशी जोडला आहे, आणि ती फळी वाजते ती लोकांना तारवात बोलावण्यासाठी.

तेव्हा भेद असा करावा लागतो की काही वाद्ये उपासनेत चिन्ह म्हणून असतात आणि काही लय राखण्यासाठी असतात. पहिल्या वर्गात द्रव्य अर्थाचाच भाग असते आणि बदलता येत नाही. दुसऱ्या वर्गात द्रव्य सोयीचा भाग असते आणि त्याचा निवाडा कानाने व औचित्याने व्हावा. मूयूचा मासा पहिल्या वर्गातला, कारण त्याचे डोळे उघडे आहेत. त्याचा आवाज मात्र दुसऱ्या वर्गातला, म्हणून तो सहजी उचलला गेला. कीर्तनकाराच्या हातातील चिपळ्यांना नारदाची परंपरा चिकटलेली आहे, त्यामुळे त्या प्लास्टिकच्या करण्यास संकोच वाटावा हे स्वाभाविक. भजनात मागे बसून मात्रा धरणाऱ्याच्या खंजिरीचे कडे प्लास्टिकचे झाले आहे हे मात्र बहुतेकांच्या लक्षातही आलेले नाही.

लाकूड आणि कातडे ही द्रव्ये निसर्गाची म्हणून निष्पाप, असा एक समज या चर्चेत अधूनमधून डोकावतो, त्यालाही थारा देऊ नये. घुमट हे मातीच्या मडक्याला कातडे ताणून केलेले वाद्य गोव्यात आणि मुंबई-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या व सणाच्या गाण्यांना लागते. त्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणले जाई. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा असून घोरपड त्यात संरक्षित आहे, म्हणून बकरीच्या कातड्याकडे वळावे लागले, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसावाद्य म्हणून मान्यता दिली ती या बदललेल्या रूपासह. शिसवाच्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापारही 2017 च्या आरंभी निर्बंधांखाली आला, आणि तयार वाद्यांना सूट मिळायला 2019 उजाडावे लागले. अहिंसा हे मूल्य मानणाऱ्या परंपरेने प्लास्टिकला नाक मुरडण्यापूर्वी घोरपडीचा हिशेब मांडलेला बरा. उलट, महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लास्टिकवर घातलेल्या बंदीचा दाखला येथे गैरलागू आहे, कारण त्या बंदीचा रोख पिशव्या, थर्माकोल आणि एकदा वापरून टाकायच्या वस्तूंवर होता, आणि ठोकळ्याची तर खोड हीच की तो टाकायची वेळ येत नाही.

खरी अडचण प्लास्टिकच्या पलीकडे आहे. राज्यातल्या अनेक देवळांत आता विजेवर चालणारे आरतीयंत्र दिसते; बटण दाबले की मोटर नगारा, घंटा आणि झांज एकाच वेळी बडवू लागते, आणि आरती म्हणणारे त्या गतीच्या मागे धावतात. यंत्रातील घंटा अस्सल पितळेची असते. वैशेषिकांच्या भाषेत तेथे आवाजाची तिन्ही कारणे हजर आहेत, फक्त काठी धरणारा कर्ता गैरहजर आहे. ऑक्टापॅडवर रबरी चौकोनाला काठी लावून लाकडी ठोकळ्याचा साठवलेला आवाज काढणारा वादक याच्या अर्ध्या वाटेवर उभा आहे: हात त्याचा आहे, आवाज दुसऱ्या कोठल्या तरी लाकडाचा. प्लास्टिकच्या ठोकळ्यात यांपैकी कोणतीच उसनवारी नाही. त्याचा आवाज त्याचा स्वतःचा आहे, तो त्याच क्षणी त्याच भिंतींमध्ये उमटतो, आणि चुकला तर वाजवणाऱ्याचाच चुकतो.

संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात स्वतःवर जो आरोप ठेवला आहे, की गायलेल्या आशयापेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले तर ते पाप होय, तो येथे ठोकळ्यालाही लावता येतो, आणि त्यातून वापराची मर्यादाही निघते. क्लाव्हेसारखा चमकदार आकृतिबंध मराठी गीताखाली घातला तर लोक शब्द सोडून बोटांनी बाकावर ताल धरतील. तोच ठोकळा स्तोत्राच्या प्रत्येक पालुपदाआधी एकदाच, हलक्या हाताने वाजला तर गाणाऱ्यांना एकत्र प्रवेश करता येईल आणि वाद्य वाजले हे फारसे कोणाच्या ध्यानातही राहणार नाही. धर्माधिकाऱ्यांची संमती वाद्याला मिळते, आघाताला नाही. त्यामुळे शेवटी हा निर्णय मिस्सागणिक, गाण्यागणिक, काठी हातात असलेल्या वादकावर आणि त्याला खूण करणाऱ्या गायकवृंदाच्या प्रमुखावर येऊन पडतो, आणि गुड फ्रायडेला ठोकळा पेटीत ठेवून फळी बाहेर काढण्याचे कामही त्यांनाच करावे लागते.